डाव्या कमरेवरचं होल्स्टर

रोवीना स्टेन्सरूडच्या भाड्याच्या खोलीला एकच मोठी खिडकी होती आणि ती नेमकी पश्चिमेला उघडायची. खिडकीत उभं राहिलं की लॉन ब्यूट गावाची शेवटची घरं दिसत, त्यापलीकडे गव्हाची सपाट रानं आणि रानं संपतात तिथे कसलीही पूर्वसूचना न देता उभी राहिलेली डोंगरांची भिंत. सत्तावीस उन्हाळे तिने त्या भिंतीच्या आत काढले होते. जून संपत आला की गावातल्या अकरा घरांची मिळून चारशे गुरं वरच्या कुरणांवर चढायची. त्यांच्यामागून दोन घोडे आणि पिठाची पोती घेऊन रोवीना चढायची, ती ऑक्टोबरच्या बर्फाने हाकलून लावेपर्यंत खाली यायची नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, रोवीना हिवाळ्यात गावात राहते म्हणू नका, हिवाळ्यात गावात थांबते म्हणा.

आपण पुन्हा वर जाणार की नाही हे ठाऊक नसलेला हा तिचा पहिलाच हिवाळा होता.

मागच्या सप्टेंबरात जुनिपर घोडी सुट्या दगडांच्या उतरणीवर घसरली आणि तिच्यासकट कोलांटली. घोडी उठली, घाबरून पळाली. अस्वलांना पळवायचा तिखट फवारा खोगिराला बांधलेला, तो घोडीबरोबर गेला. रोवीना उजव्या अंगावर पडून राहिली. खांद्याचा चुरा झाला होता, आणि रिव्हॉल्वर उजव्या कमरेला, तिच्याच अंगाखाली दाबलं गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं शोधत आली. त्याच्या थोडं आधी, धुक्यात, ओढ्यापलीकडे एक ग्रिझली अस्वल बराच वेळ तिच्याकडे बघत उभं राहिलं आणि मग आपल्या वाटेने गेलं. ही गोष्ट तिने डॉक्टरांना सांगितली नाही, गावात कुणालाच सांगितली नाही.

खांद्यात धातूची पट्टी घातली. हाताने चमचा तोंडाशी जाऊ लागला, वेणी घालता येऊ लागली. हात पुढे यायचा, पोटावरून डावीकडे जायचा. पण कोपर मागे नेलं की आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं अडायचं. उजव्या कमरेवरून रिव्हॉल्वर काढायचं तर कोपर मागे आणि वर जावंच लागतं.

मार्चमध्ये ऑर्व्हिल हॅगन आला. हा चराई संघाचा अध्यक्ष. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, चार मुलांचा बाप; पण त्याला पहिल्यांदा तट्टावर रोवीनानेच बसवलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर तो अजूनही टोपी हातात घेऊन उभा राहायचा.

"मिस रो, मंडळींचं म्हणणं असं की…"

"मंडळींचं राहू दे. तुझं काय म्हणणं आहे ते बोल, ऑर्व्ही."

"माझं म्हणणं," तो टोपीची कड फिरवत म्हणाला, "घोड्यावर बसल्याबसल्या तुम्ही रिव्हॉल्वर धडपणे काढून दाखवा. जूनच्या बारा तारखेला, आमच्या कुंपणात. पाय मोडलेल्या गाईला गोळी घालून सोडवायचं असो, नाहीतर रिकिबीत पाय अडकून घोडा फरफटत नेत असो, हात पोचायला हवा. तेवढं जमलं तर बाकी कुणाचं मी ऐकत नाही. नाही जमलं तर जोडी पेटिट, ती नवी पोरगी, जाईल तुमच्या जागी."

"जोडीला वरच्या ओढ्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत."

"नावं मी लिहून देईन तिला."

"आणि कुठला ओढा कुठला, ते ओढेच सांगतील का तिला?"

ऑर्व्हिल हसला, पण तारीख काही त्याने मागे घेतली नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोवीना लूशन लारॉकच्या दुकानात गेली. जायच्या आधी तिने दोनदा कोट घातला आणि दोनदा काढला.

लूशन खोगिरं बनवायचा. त्याचे आजे-पणजे रेड नदीकडून गाड्यांमधून डोंगराच्या पायथ्याशी आले तेव्हापासून त्या घरातल्या माणसांना चामडं कळायचं. पासष्टीला आलेला, उंच, किंचित वाकलेला, दोन्ही गुडघे निकामी. रोवीना चौतीस वर्षांची असताना, वासरांना डाग द्यायच्या दिवशी, सगळे जेवायला बसले असताना त्याने हळूच तिला विचारलं होतं, "या उन्हाळ्यात खाली राहशील?" ती म्हणाली होती, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वर्षी तो काही बोलला नाही. पाचव्या वर्षी त्याने शाळेत शिकवणाऱ्या अडेलशी लग्न केलं, रोवीनाने लग्नातला केक खाल्ला, आणि गोष्ट मिटली. अडेलला जाऊनही आता पाच वर्षं झाली होती. मधल्या काळात रोवीना आणि लूशन भेटले नव्हते असं नाही. खोगिराचा पट्टा, लगामाची कडी, कामापुरतं सगळं चालू होतं. कामापुरतंच.

तिने दाण्याच्या पोत्यातून तीन होल्स्टरं, रिव्हॉल्वर ठेवायची चामडी म्यानं, काढून बाकावर मांडली. एक तिचं जुनं. बाकीची दोन मागून आणलेली.

"दुकान टाकतेस की काय?" लूशन म्हणाला.

"यातलं कुठलं चालेल ते सांग."

"उभ्याने नाही कळायचं. ये, बस."

कोपऱ्यात खोगीर बेतायचा लाकडी घोडा होता. त्यावर एक अर्धवट खोगीर चढवलेलं होतं. रोवीना त्यावर बसली आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या मांड्यांखाली खोगिराचं चामडं आलं. लूशनने पाठ वळवून उगाच काहीतरी शोधायला घेतलं आणि तिला थोडा वेळ दिला.

आधी काखेतलं लावून पाहिलं. त्याचा पट्टा नेमका दुखऱ्या खांद्यावरून जात होता. दोन मिनिटांत तिचे ओठ पांढरे पडले. मग छातीवरचं, मासे धरणारे लोक वापरतात तसलं. त्याचाही एक पट्टा त्याच खांद्यावर. शिवाय फांदीखालून जाताना घोड्याच्या मानेवर वाकायला गेली तर मूठ बरगडीत घुसली. उजव्या कमरेवरचं तर लावून बघायचीही गरज नव्हती, तरी तिने हट्टाने बघितलं. हात मुठीपाशी जाऊन थांबला.

"झालं समाधान?" लूशनने विचारलं.

"झालं."

"मग आता माझं ऐक. डाव्या कमरेवर लावायचं, मूठ पुढे करून. उजवा हात पोटावरून आडवा जातो आणि काढतो. क्रॉस-ड्रॉ म्हणतात त्याला. दिवसभर बसून काम करणारी माणसं पूर्वी असंच लावायची. गाडीवाले, घोड्यावरचे. बसलं तरी मूठ हाताशीच असते, कोपर मागे न्यावं लागत नाही. तुझा हात आडवा जातो ना?"

"जातो."

"मग झालं तर."

पण एवढ्याने झालं नाही. पुढचा दीड तास त्याने पुठ्ठ्याचे तुकडे कापून तिच्या कमरेला लावून पाहिले. डाव्या कमरेच्या हाडावर ठेवलं तर ते तिच्या हाताला फार लांब पडत होतं. बेंबीजवळ आणलं तर खोगिराच्या पुढच्या खुंटाला घासत होतं. दोन्हींच्या मध्ये, हाडाच्या चार बोटं पुढे, अशी जागा सापडली. मग कल किती द्यायचा. सरळ ठेवलं तर बसल्यावर नळीचं टोक मांडीत रुतत होतं. फार आडवं केलं तर मूठ पोटात येत होती आणि नळी मागच्या बाजूला रोखली जात होती. तो पुठ्ठा बोटभर फिरवायचा, मागे सरायचा, डोळे बारीक करायचा, पुन्हा फिरवायचा.

"लग्नाचा झगा बेततोयस का?" ती म्हणाली.

बोलून गेल्यावर दोघंही क्षणभर कुठेतरी दुसरीकडे बघत राहिले.

"वरून झाकण हवं की वादी?" लूशनने कामाचा आवाज काढून विचारलं. "झाकण असलं तर पाऊस, काटेकुटे आत जात नाहीत, पण उघडायला वेळ लागतो. वादी अंगठ्याने सुटते."

"वादी. आणि चाप पूर्ण झाकलेला हवा. झुडपांतून जावं लागतं मला."

"ते मला शिकवू नकोस. श्वास सोड, कंबर मापतोय. आत घेऊ नकोस, वर काय तू पोट आत घेऊन फिरणारेस?"

फीत तिच्या कमरेभोवती फिरली. त्याच्या हातांना मेणाचा आणि ओल्या चामड्याचा वास होता. त्याने माप लिहून घेतलं.

"तीन आठवडे," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी ती गेली तेव्हा चामडं आलेलं नव्हतं. मेच्या मध्यावर गेली तर त्याने रिव्हॉल्वरच्या ओतीव नमुन्यावर ओलं चामडं दाबून बसवलेला एक तुकडा दाखवला आणि म्हणाला, कल चुकला, हे टाकून देतोय. त्यानंतर मेणाचा दोरा संपला. त्यानंतर त्याचं बोट कापलं. बोटाला पट्टी होती खरी.

रोवीना रोज सकाळी कॉफी घेऊन खिडकीशी उभी राहायची. डोंगराच्या पोटावर बर्फाचा एक लांब पट्टा होता. तो तुटून दोन झाला की वरच्या कुरणाची वाट मोकळी होते, हे तिला सत्तावीस वर्षांत चुकलं नव्हतं. मेअखेरीस तो पट्टा मधे बारीक झाला. वर आता ओढ्याकाठी पिवळी फुलं आली असतील. खोपटाच्या छपरावरचा पत्रा वाऱ्याने पुन्हा उचकटला असेल आणि आत उंदरांनी गादी पोखरली असेल. दरवर्षी पहिला आठवडा ती गादीवरून शिव्या देत घालवायची. आता ती पोखरलेली गादीही तिला हवीशी वाटायची. दुकानात दूध आणायला गेली की लोक विचारायचे, "खांदा कसा आहे?" आणि ती म्हणायची, "आहे." तिला त्यांच्याशी बोलायचं नसायचं. तिला पहाटे घोडीच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ बघायची होती.

जूनच्या दोन तारखेला ती न सांगता दुकानात गेली. दार उघडंच होतं. लूशन टपालाच्या कचेरीत गेला होता. वाट बघताना तिला थंडी वाजली, म्हणून खुंटीवरचं त्याचं जाकीट घ्यायला तिने हात घातला. जाकिटामागे एप्रन होता आणि एप्रनमागे होल्स्टर.

पूर्ण तयार. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, टाके एकसारखे, वादी जागेवर. आतल्या बाजूला लूशनचा ठसा, आणि तो नेहमी मारायचा तशी तारीख. सव्वीस एप्रिल.

तिने तारीख दोनदा वाचली. मग लाकडी घोड्यावर चढली आणि पट्टा कमरेला बांधला. मूठ असायची तिथे, हवेत, तिचा हात अलगद जाऊन टेकला. खांदा दुखलाच नाही.

लूशन दारात आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याच्या हातात पत्रं होती. त्याने ती बाकावर ठेवली, नीट लावून ठेवली, मग पुन्हा लावली.

"बोट खरंच कापलं होतं का रे?" रोवीनाने विचारलं.

"ते खरं होतं."

"बाकी?"

"बाकी नाही."

"का?"

"जून सरला असता," तो म्हणाला. "जोडी गेली असती वर. तू चिडली असतीस, ऑर्व्हिलला शिव्या दिल्या असत्यास. आणि मग इथेच राहिली असतीस. एवढाच विचार केला मी. याच्यापुढे नाही केला."

"एवढाच? माझे सत्तावीस उन्हाळे आहेत तिकडे, लूशन. मी रोज खिडकीत उभी राहून मरतेय. आणि तू एप्रनमागे लपवून ठेवतोस? पूर्वी निदान तोंडाने विचारायचास तरी."

"विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."

"तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?"

तिच्या तोंडून हे असं निघेल हे तिलाच ठाऊक नव्हतं. लूशन जवळच्या खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, म्हाताऱ्या माणसासारखा.

"मागच्या सप्टेंबरात शोधायला निघालेल्यांत मी नव्हतो," तो म्हणाला. "गुडघ्यांमुळे. रात्रभर इथे या खुर्चीत बसलो होतो. सकाळी फोन आला तोवर तुझं मरण दहा प्रकारे बघून झालं होतं माझं. पुन्हा नको होतं मला ते. बस. आता घेऊन जा. तुझंच आहे."

रोवीना खाली उतरली. रागाने तिचे कान तापले होते, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याच्याकडे बघायची तिची तयारी नव्हती. ती होल्स्टर घेऊन दारापर्यंत गेली.

"रो," तो मागून म्हणाला. "असं घेऊन जाऊ नकोस. काढायची रीत वेगळी आहे याची. चुकलीस तर स्वतःचा डावा हात उडवशील. नाहीतर जुनिपरची मान."

ती थांबली. त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं, कारण ते खरं होतं.

पुढचे नऊ दिवस ती रोज सकाळी दुकानात गेली. पहिले दोन दिवस ती त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलली नाही. तो ओतीव नमुना होल्स्टरमध्ये घालायचा आणि ती लाकडी घोड्यावर बसून काढायची. आधी घोड्याचं तोंड उजवीकडे वळवायचं, म्हणजे मान आड येत नाही. मग लगामाचा डावा हात छातीशी वर उचलायचा, म्हणजे नळी पुढे येताना खाली हात नसतो. मग उजवा हात आडवा, अंगठ्याने वादी, मूठ धरून वर, आणि मगच पुढे. बोट चापापासून बाहेर.

"पुन्हा," लूशन म्हणायचा.

"शंभर झाले."

"त्र्याण्णव झाले. आणि डावीकडे माणूस उभा असताना कधीच काढायचं नाही. मी कुठे उभा आहे बघ. उजवीकडे, मागे."

"वर माझ्या डावीकडे कोण येऊन उभं राहणारे?"

त्याने नमुना पुन्हा होल्स्टरमध्ये घातला. तिसऱ्या दिवशी त्याने कॉफी केली. पाचव्या दिवशी तिने सिनॅमन रोल आणले. सातव्या दिवशी त्याने ती कोलांटली ती जागा नेमकी कुठली असं विचारलं, आणि रोवीनाने त्याला ओढ्यापलीकडच्या अस्वलाची गोष्ट सांगितली. त्याने मधे काही विचारलं नाही. गोष्ट संपल्यावर तो उठला, होल्स्टरची वादी उगाच दोनदा तपासली, आणि म्हणाला, "पुन्हा."

बारा तारखेला हॅगनच्या कुंपणाशी अकराही घरांची माणसं जमली. पहिल्यांदा तिची बाही खोगिराच्या खुंटाला अडकली आणि कुणीतरी घसा खाकरला. रोवीनाने बाह्या दुमडल्या, जुनिपरचं तोंड वळवलं आणि पुन्हा हात टाकला. या वेळी रिव्हॉल्वर असं सहज हातात आलं की तिला स्वतःलाच हसू फुटलं. तिने आणखी पाच वेळा काढून दाखवलं, कुणी मागितलं नव्हतं तरी.

"पुरे, मिस रो," ऑर्व्हिल म्हणाला. "जोडी, तू यंदा गवत काप."

लूशन त्याच्या ट्रकला टेकून लांब उभा होता. त्याने टोपीच्या कडेला बोट लावलं आणि तिच्याशी न बोलता निघून गेला.

वर सगळं होतं तसंच होतं. पत्रा उचकटलेला, गादी पोखरलेली, ओढ्याकाठी पिवळी फुलं. पहिल्या पहाटे घोडीच्या नाकपुड्यांतून वाफ निघाली आणि रोवीना दारात बसून रडली, मग उठून तिने बीन्स शिजत टाकल्या. जुलै असा गेला की कळलंच नाही. होल्स्टर पहिले आठ दिवस करकरलं, मग तिच्या अंगाचं झालं.

ऑगस्टच्या मध्यावर दोन वासरं कमी भरली. ती शोधत रोवीना ओढ्याकाठच्या झुडपांत शिरली आणि जुनिपर जागच्या जागी थिजली. वीस पावलांवर मेलेलं वासरू पडलं होतं आणि त्याच्यावर एक ग्रिझली मादी उभी होती. मागे तिचं पिल्लू होतं. वारा रोवीनाच्या तोंडावर येत होता. फवारा मारला असता तर तिच्याच डोळ्यांत गेला असता. तिने घोडीचं तोंड वळवलं, डावा हात उचलला. उजवा हात कधी गेला हे तिला समजलं नाही. रिव्हॉल्वर समोर होतं, बोट चापाबाहेर होतं.

"तुझंच आहे वासरू," ती अस्वलीला हळू म्हणाली. "घे. मी निघाले."

अस्वलीने दोनदा फुस्स केलं, जमीन खरवडली. पिल्लू चढावर पळालं, मग तीही वळली. फांद्या हलायच्या थांबेपर्यंत रोवीना तशीच बसून होती. मग तिने रिव्हॉल्वर परत जागेवर सरकवलं, वादी लावली, आणि तेव्हा कुठे घोडी मागे वळवली.

एरवी असलं काही घडलं की ती ते घोडीला सांगायची. सत्तावीस वर्षं तेवढं पुरलं होतं. त्या दिवशी तिने जुनिपरच्या मानेवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि तिला कळलं की ही गोष्ट घोडीला सांगायची नाहीये. तिला ती मेणाचा वास असलेल्या एका माणसाला सांगायची होती. तो मधे काही विचारणार नाही, नुसता "पुन्हा" म्हणेल. सबंध हिवाळा ती खिडकीतून ज्या जागेसाठी झुरली होती, त्या जागेवर ती बसली होती, आणि आता तिचं मन सपाट रानाच्या टोकावरच्या एका दुकानात होतं. तिला स्वतःचाच राग आला. राग आला तरी ते मन परत यायला तयार नव्हतं.

केटल रिजच्या डोंगरमाथ्यावर फोन लागायचा, दोन तासांची चढण. ती दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे पोचली.

"लारॉक," पलीकडून आवाज आला.

"मी बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "काय झालं? पडलीस?"

"पडले नाही. काढावं लागलं काल. अस्वली होती, पिल्लूवाली. मारलं नाही. निघालं नीट. बाही अडकली नाही, काही नाही."

"डावा हात?"

"वर होता."

तिला त्याचा श्वास ऐकू आला, लांबलचक.

"वादी सैल पडली का?" त्याने विचारलं.

"थोडी."

"मग बघायला हवी मला."

"मग ये बघायला."

"माझे गुडघे, रो…"

"वाट सुरू होते तिथपर्यंत ट्रक येतो. मी खाली येते तेवढी. रविवारी." ती थांबली. वारा फोनमध्ये शिरत होता. "मी विचारतेय, लूशन. या वेळी मी विचारतेय."

"रविवारी किती वाजता?" तो म्हणाला.

तो आला. त्या रविवारी आला, आणि ऑक्टोबरपर्यंत आणखी चार वेळा. ट्रकच्या मागच्या फळीवर दोघं बसायचे, तो सॉसेज आणि ताजा पाव आणायचा, ती डोंगरातल्या बातम्या आणायची. वादी पहिल्याच भेटीत घट्ट करून झाली होती. त्यानंतर वादीबद्दल कुणी बोललं नाही. ऊन कललं की तो म्हणायचा, "तू जा, तुला चढायचंय." तीही म्हणायची, "तू जा, तुला एवढं लांब गाडी चालवायचीय." आणि दोघंही लगेच उठायचे नाहीत. वर जाताना तिला दर वळणावर मागे वळून बघावंसं वाटायचं. खाली त्याच्याजवळ असताना डोळे आपोआप डोंगराकडे जायचे, आणि ते त्याच्या लक्षात यायचं.

"पुढच्या उन्हाळ्यात?" एकदा त्याने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिने त्याचा हात धरला. "तसं नाही म्हणाले मी. खरंच बघू. दोघं मिळून बघू."

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला बर्फ आला आणि गुरं खाली निघाली. ऑर्व्हिल आणि बाकीचे पुढे होते, रोवीना सगळ्यांच्या मागे. शेवटच्या कड्यावरून एका बाजूला तिचं कुरण दिसतं, पांढरं होत चाललेलं, खोपटाच्या छपराचा ठिपका. दुसऱ्या बाजूला लांबवर गावातली पाण्याची टाकी. गुरं हंबरत उतरत होती. जुनिपरला तबेल्याची ओढ लागली होती, ती लगाम ओढत होती. रोवीनाने तिला आवरून धरलं आणि आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघितलं. खालून ऑर्व्हिलने हाक मारली, "मिस रो, चला!" ती आणखी थोडा वेळ तशीच थांबली. मग तिने लगाम सैल सोडला.